भाडेकरारात जलबचतीच्या नळांची अट कशी घालावी

हरित मानांकन (पाणी व वीज वाचवणाऱ्या इमारतीला मिळणारे प्रमाणपत्र) मिळालेल्या इमारतीतील गाळा भाड्याने देताना तेथील नळ आणि फ्लश टाक्या जशाच्या तशा राहतील, हे करारानेच बांधून घ्यावे लागते. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण जांभ्या खडकातून पाणी निथळून जाते आणि मे महिन्यात विहिरीचा तळ दिसू लागतो. म्हणून ही अट मला भाड्याच्या रकमेइतकीच महत्त्वाची वाटते.

बसवलेल्या प्रत्येक नळाची व फ्लश टाकीची छायाचित्रांसह यादी करावी.

खरी अडचण अटीच्या शब्दांत असते. माझ्या पहिल्या करारात ‘जलबचतीची उपकरणे वापरावीत’ एवढेच वाक्य होते. पहिल्याच पावसाळ्यात तांबडा गाळ अडकून नळाच्या तोंडाची, प्रवाह कमी ठेवणारी जाळी तुंबली आणि भाडेकरूने ती काढून टाकली. मी हरकत घेतली तेव्हा ‘नळ तोच आहे’ हे त्यांचे उत्तर करारात बसणारे होते. म्हणून विशेषणे लिहू नयेत, लिटर लिहावेत: बेसिनचा नळ मिनिटाला जास्तीत जास्त ६ लिटर, फ्लश ३ व ६ लिटरचा दुहेरी. खोक्यावरील आकडा मात्र तसाच उतरवू नये. तो ठरावीक दाबाला मोजलेला असतो, आणि गच्चीवरील टाकीपासून दर १० मीटर खाली सुमारे १ बार दाब वाढत असल्याने तोच नळ तळमजल्यावर अधिक पाणी सोडू शकतो. ताबा देताना उभयतांसमोर नळ पूर्ण उघडून १० लिटरची बादली भरावी. ती १ मिनिट ४० सेकंदांच्या आत भरली, तर अट मोडली असे समजावे, आणि हीच चाचणी करारात लिहावी.

जाळी साफ करण्याचे काम भाडेकरूवर टाकावे, असा सल्ला सर्रास दिला जातो; तो चुकीचा आहे, असे माझे ठाम मत आहे. तुंबलेली जाळी काढून फेकणे भाडेकरूला केव्हाही सोपे पडते. त्याने कळवावे आणि मालकाने दोन दिवसांत प्लंबर पाठवावा. नळ बदलायचाच झाल्यास लेखी संमतीने व तेवढ्याच प्रवाहाचा बसवावा, अन्यथा खर्च अनामत रकमेतून वळता होईल, असे नमूद करावे.

हे सारे परिशिष्ट म्हणून करारासोबतच नोंदवावे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची असते, आणि नोंदणीकृत लेखी करार नसेल तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते.

नूतनीकरणाच्या वेळी बादलीची चाचणी पुन्हा घ्यावी, मात्र जाळी साफ केल्यानंतरच.