नवी स्मार्ट चावी जोडायला निघण्याआधी

चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर, गुलालाच्या गर्दीत, आमच्या गाडीची एक चावी खिशातून पडली ती पडलीच. नवी मागवली आणि ती गाडीला जोडून घ्यायला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये तिची नोंद करून घ्यायला, कोल्हापूरच्या उद्यमनगरात तीन फेऱ्या झाल्या. तिन्ही वेळची कारणं वेगळी होती, आणि तिन्ही घरीच कळण्यासारखी होती. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सुरुवात चावी विकत घेण्यापासूनच करा. जुनी चावी उघडून आतल्या पट्टीवरचा पार्ट नंबर बघा आणि नवीचा त्याच्याशी ताडून पाहा. बाहेरून दोन्ही हुबेहूब दिसतात, पण आपल्याकडच्या गाड्यांचे रिमोट बहुतेक ४३३ मेगाहर्ट्झचे, आणि मला मिळालेली चावी ३१५ ची होती, पहिली फेरी त्यातच गेली. ती कितीही वेळा जोडा, बटणानं दार उघडणारच नाही. स्वस्तात मिळते म्हणून दुसऱ्याच्या गाडीची वापरलेली चावीही आणू नका. बऱ्याच कंपन्यांच्या चावीतली, गाडीला ओळख पटवणारी चिप एकदा एका गाडीला जोडली गेली की लॉक होते आणि ती खास मशीनवर मोकळी केल्याशिवाय दुसरी गाडी तिला ओळखत नाही.

निघताना घरातली प्रत्येक चावी बरोबर घ्या, कपाटातलीसुद्धा. अनेक गाड्यांत नवी चावी नोंदवताना जुन्या सगळ्या नोंदी पुसल्या जातात आणि त्या वेळी हजर असलेल्या चाव्याच पुन्हा चढवल्या जातात. दुसऱ्या फेरीला मी आमची जुनी घरीच ठेवून गेलो होतो. चावी जोडणाऱ्या वायरमननं, म्हणजे गाड्यांच्या इलेक्ट्रिशियननं, काम सुरू करायच्या आधीच विचारलं, "दुसरी कुठाय? ती न्हाई आणली तर ती बंद पडंल की." त्यांनी विचारलं नसतं तर नवी मिळवून जुनी गमावली असती. याचाच एक फायदाही आहे: हरवलेली चावी कुणाच्या हाती लागली तरी तिनं गाडी सुरू होत नाही. तिची नोंद पुसायला मात्र आठवणीनं सांगा.

आरसी आणि ओळखपत्र न्या. चांगला चावीवाला ते बघितल्याशिवाय हात लावत नाही, आणि ते योग्यच आहे. विम्यात चावीचं जादा कव्हर घेतलं असेल तर खर्च करण्याआधी एजंटला फोन करा.

आता बॅटरी. माझी तिसरी फेरी हिच्यामुळं वाया जाता जाता राहिली, आणि इथंच सगळ्यात जास्त लोक अडकतात. जोडणीच्या वेळी इंजिन बंद आणि इग्निशन चालू असतं, चावी जोडायचं मशीनही गाडीच्याच ओबीडी सॉकेटमधून, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला मशीन जोडायच्या खाचेतून, वीज घेतं. सॉकेट बहुधा स्टिअरिंगखाली असतं. बॅटरी थकलेली असेल तर व्होल्टेज खाली येतं, संपर्क मध्येच तुटतो, आणि काही गाड्यांत मग जुनी चावीही चालेनाशी होते. चांगली भरलेली बॅटरी बंद गाडीत साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. आमची इग्निशन चालू करताच १२ च्याही खाली गेली. वायरमननं चार्जर लावला, लाइट, ब्लोअर, गाणी सगळं बंद करायला लावलं, आणि काम पार पडलं.

नव्या चावीतला सेल, बहुधा सीआर २०३२, तीन व्होल्टचा, ताजा घाला. त्यावरचा प्लॅस्टिकचा पापुद्रा काढलाय ना, अधिकची बाजू बरोबर आहे ना, पत्र्याची पिन वाकलेली नाही ना, हे बघा. नवी चावी वाचली जात असताना जुनी गाडीपासून चार पावलं लांब ठेवा, नाहीतर गाडी तिलाच धरते.

जोडल्यावर जागेवरच तपासा. बटणानं दार उघडतं पण गाडी सुरू होत नाही, तर इमोबिलायझरची, म्हणजे अनोळखी चावीनं गाडी सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, नोंद झालेली नाही. उलट चावी स्टार्ट बटणाला टेकवल्यावर गाडी सुरू होते पण दार उघडत नाही, तर चिप नोंदली गेलीय; सेल, फ्रिक्वेन्सी किंवा रिमोटची नोंद तपासायला सांगा. टेकवून गाडी सुरू करताना सेल लागतच नाही, चिपला वीज गाडीच्या कॉइलमधून मिळते. टेकवायची जागा गाडीगणिक वेगळी असते, पुस्तिकेत बघून ठेवा.

आणि आतलं धातूचं पातं कापून घ्या. नव्या चावीत ते कोरंच येतं. ड्रायव्हरच्या दारात घालून फिरवून बघा, कारण गाडीची बॅटरी पूर्ण उतरली की आत शिरायला तेवढंच उरतं. मी तिथंच थांबून दोन्ही पाती फिरवून पाहिली, नवीचं थोडं अडत होतं. त्यांनी कानशीचे दोन हात मारले, आणि मग ते सहज फिरलं.