शाळेच्या सोडतीसाठी वर्गवार भेट-टोपल्या

स्नेहसंमेलनात सोडत काढून शाळेच्या वाचनालयासाठी निधी उभारायचा असेल, तर प्रत्येक वर्गाने एका विषयाची एक टोपली भरावी, ही रीत सोलापुरात सहज जमते. मात्र विषय आधी ठरवावा आणि वस्तू नंतर मागवाव्यात. पहिल्या वर्षी आम्ही ‘काहीतरी चांगले पाठवा’ एवढीच चिठ्ठी घरोघरी धाडली आणि एका वर्गाकडे सात कंपासपेट्या जमा झाल्या. त्या टोपलीकडे कोणी फिरकले नाही.

विषय गावातूनच घ्यावा. पाचवीने ‘माग’ घेतला, तर सोलापुरी चादर, टर्किश टॉवेल आणि हातरुमाल एवढ्यावर टोपली भरते. सहावीच्या ‘ज्वारी’मध्ये मंगळवेढ्याची ज्वारी, कडक भाकरी आणि शेंगा चटणी येईल. सातवीला नान्नजचा माळढोक शोभेल. त्यात पक्ष्यांचे पुस्तक, चित्रकलेची वही, रंगपेट्या आणि जमल्यास लहानशी दुर्बीण असावी. आठवीने डॉ. द्वारकानाथ कोटणीस निवडावेत: १९१० साली सोलापुरात जन्मलेले आणि १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेलेले हे डॉक्टर १९४२ मध्ये तेथेच वारले. त्यांच्या नावाच्या टोपलीत तापमापक, मलमपट्टीचे साहित्य आणि त्यांचे चरित्र ठेवले, की नेहमीची प्रथमोपचार पेटीही वेगळी वाटते.

विषय ठरल्यावर वर्गशिक्षकांनी वस्तूंची यादी करून प्रत्येक वस्तूपुढे एक नाव लिहावे. चादरीसारखी महाग वस्तू चार-पाच घरांनी मिळून आणावी. बरीच घरे यंत्रमागाच्या किंवा विडीच्या मजुरीवर चालतात, म्हणून वर्गणी ऐच्छिक ठेवावी, एका घराकडून ५० रुपयांपेक्षा अधिक घेऊ नये आणि कोणी काय दिले याची यादी फळ्यावर मुळीच लावू नये. ज्यांना वस्तू जमणार नाही, त्यांच्या मुलांनी नावाची पट्टी रंगवावी; ते कामही कोणीतरी करावेच लागते.

टोपली बुरुडाकडून घ्यावी. प्लॅस्टिकची टोपली चादरीच्या वजनाने वाकते. तळाशी वर्तमानपत्रांचे बोळे दाबून भरावेत, चादर घडी करून मागे उभी करावी, पुढे लहान वस्तू तिरक्या लावाव्यात आणि शेवटी पारदर्शक जिलेटीन कागदाने गुंडाळून वर फीत बांधावी. चटणी बंद बरणीत असावी. बरणीवर तयार केल्याची तारीख आणि ‘यात शेंगदाणे आहेत’ ही सूचना लिहावी. दुधाचे पदार्थ व फळे टाळावीत; डाळिंबाचा मोह होतो, पण एक फळ सडले की सगळी टोपली जाते.

तिकिटे छापण्यापूर्वी एक गोष्ट करावीच लागते. तिकीट विकून बक्षीस काढणे हा कायद्याच्या दृष्टीने लॉटरीचा प्रकार आहे आणि महाराष्ट्रात त्यासाठी १९५८ चा कायदा आहे; म्हणून मुख्याध्यापकांनी वकिलाचा सल्ला घेऊन परवानगीचा प्रश्न लेखी मिटवावा.

सर्व टोपल्यांसाठी एकच डबा ठेवू नये. प्रत्येक टोपलीसमोर स्वतंत्र डबा ठेवला, की ज्याला चादर हवी तो त्याच डब्यात चार चिठ्ठ्या टाकतो आणि विक्री वाढते. तिकीट २० रुपयांचे ठेवून ६०० विकली, तर १२,००० रुपये जमतात. स्थळप्रतीवर नाव आणि वर्ग लिहावा. रोज सायंकाळी दोन पालकांनी रक्कम मोजून वहीत सही करावी. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत सगळी घरे गुंतलेली असतात, म्हणून सोडत डिसेंबरातच उरकावी.

चिठ्ठी पहिलीतल्या मुलाकडून, सर्वांसमोर काढावी. विजेता हजर नसल्यास टोपली सात दिवस कार्यालयात ठेवावी आणि तरीही कोणी आले नाही, तर त्याच डब्यातून दुसरी चिठ्ठी काढावी. हा नियम तिकिटाच्या मागे आधीच छापलेला असावा.