रोजचं वर्णन इंग्रजीत लिहिताना या चुका टाळा

कोल्हापुरातल्या दुकानांच्या पाट्या, मेन्यूकार्डं, ऑनलाइन विक्रीचा मजकूर मी तपासतो. तिथं सगळ्यात जास्त छळणारा शब्द म्हणजे 'हेवी'. आपल्याकडे चांगलं ते सगळं भारी, म्हणून इंग्रजीतही बिनधास्त हेवी!

चप्पल लाइनमधल्या एका दुकानदारांनी जोडाखाली लिहिलं होतं, 'व्हेरी हेवी चप्पल'. परदेशातल्या एका बाईंनी आधी वजन विचारलं, मग ऑर्डरच रद्द केली. गुडघे दुखतात, जड चप्पल झेपणार नाही म्हणाल्या. प्रत्यक्षात जोड हलका, कातडं मऊ. "अहो, लई भारी माल हाय म्हणूनच लिवलं की!" दुकानदार हळहळले. तिथं 'सॉफ्ट अँड लाइट' हवं होतं, किंवा साधं 'वेल-मेड'. हेवी पावसाला लावा, ट्रॅफिकला लावा, पोत्याला लावा. कडक चहा मात्र 'स्ट्राँग', जोराचा वाराही 'स्ट्राँग'. म्हणून मी वहीत विशेषण कधीच एकटं उतरवत नाही, नामासकट उतरवतो. सुटं पाठ केलेलं विशेषण हमखास भलत्याच नामाच्या गळ्यात पडतं.

दुसरा त्रास विशेषणांच्या क्रमाचा. 'लेदर ब्राऊन कोल्हापुरी ब्यूटिफुल सँडल्स' हे इंग्रजी कानाला लगेच खटकतं. आधी आपलं मत, मग आकार, वय, रंग, त्यानंतर मूळ गाव आणि शेवटी साहित्य: 'ब्यूटिफुल ब्राऊन कोल्हापुरी लेदर सँडल्स'. या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, ते गावाचं नाव वाक्यात कुठंही भिरकावू नका. तरी 'ब्यूटिफुल' मी खोडतोच. त्यातून गिऱ्हाइकाला काय दिसतं? त्यापेक्षा पट्ट्यावरच्या वेणीबद्दल लिहा.

'टुडे मॉर्निंग' नको, 'धिस मॉर्निंग'. 'माय हेड इज पेनिंग' नको, 'आय हॅव अ हेडेक'. तांबड्या रश्श्याला नुसतं 'हॉट' लिहिलं तर पाहुणा वाफाळता समजेल, 'स्पायसी' लिहा. पांढरा नारळाच्या दुधातला, त्याला 'माइल्ड'. 'स्मॉल स्मॉल शॉप्स'मधला एक स्मॉल काढा.

मोबाइलनं दिलेलं भाषांतर न वाचताच चिकटवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. दोन मिनिटं वाचवायची आणि गिऱ्हाईक घालवायचं, हा कसला शॉर्टकट? शंका आली की मी ती शब्दजोडी अवतरणचिन्हांत टाकून शोधतो. चांगल्या इंग्रजी दैनिकांत ती दिसली नाही, तर वाक्य नव्यानं लिहितो.