पळून गेलेला गुलाम दोषी ठरतो का? बायबलमधून उत्तर शोधण्याची रीत

बायबल अभ्यासाच्या गटात हा प्रश्न निघाला की लगेच दोन तट पडतात. एक जण इफिसकरांस पत्राचा ६वा अध्याय उघडतो, तिथे दासांना धन्याचे ऐकायला सांगितले आहे. दुसरा जण निर्गम हे पुस्तक उघडतो आणि अख्खी इस्राएल प्रजाच इजिप्तच्या गुलामीतून निघालेली दाखवतो. वचने दोघांचीही खरी आहेत. पण कोणते वचन कोणाला उद्देशून आहे हे कोणी पाहत नाही, म्हणून वाद तिथेच अडतो. पुढच्या रीतीने दीड-दीड तासाच्या दोन बैठकांत विषय नीट हाताळता येतो.

तयारी

वहीच्या पानावर चार रकाने आखा: संदर्भ, कोणाला सांगितले, तो माणूस गुलाम कसा झाला, पळण्याबद्दल काय म्हटले. मराठी बायबलची दोन भाषांतरे शेजारी ठेवा. ‘एवेद’ या एकाच हिब्रू शब्दासाठी मराठीत कुठे दास, कुठे चाकर, कुठे सेवक येतो. मोशेला परमेश्वराचा सेवक म्हणतात तिथेही तोच शब्द आहे. फक्त ‘गुलाम’ हा शब्द शोधत गेलात तर निम्मी वचने हातून सुटतील.

पायरी १: पळून आलेल्याचा कायदा आधी वाचा

तो जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात २३:१५-१६ मध्ये आहे. धन्यापासून पळून तुझ्याकडे आलेल्या दासाला परत देऊ नको, तो निवडील त्या गावी त्याला राहू दे, त्याला जाचू नको. ही आज्ञा पळणाऱ्याला दिलेली नाही, ज्याच्या दारी तो येतो त्याला दिलेली आहे. दुसऱ्या रकान्यात हे ठळक लिहा, पुढचे सगळे यावर उभे आहे.

शेजारच्या बाबिलोनमध्ये हम्मुराबी राजाच्या कायदेसंहितेत पळालेल्या गुलामाला घरात लपवणाऱ्याला मृत्युदंड होता आणि पकडून परत आणणाऱ्याला दोन शेकेल चांदी बक्षीस. त्या पार्श्वभूमीवर ही दोन वचने किती धाडसी आहेत ते कळते.

इथे एक आक्षेप हमखास येतो: हा कायदा फक्त परदेशी धन्यांकडून आलेल्यांसाठी होता. अमेरिकेत १८५०च्या पळपुट्या गुलामांच्या कायद्याच्या वादात मोझेस स्टुअर्ट या नामवंत बायबल-पंडितानेही हाच अर्थ लावला. त्या कायद्याने आसरा देणाऱ्याला हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होती. वचनाच्या शब्दांवरून माणूस बाहेरून आल्यासारखा वाटतो, हे मान्य करा. तरीही पळण्याला इथे गुन्हा म्हटलेले नाही, एवढे शिल्लक राहतेच.

पायरी २: तो गुलाम कसा झाला ते विचारा

निर्गम २१:१६ माणूस चोरून विकणाऱ्याला मृत्युदंड सांगते. १ तीमथ्य १:१० माणसे पळवून विकणाऱ्यांना खुनी आणि खोटी शपथ वाहणाऱ्यांच्या रांगेत बसवते. इब्री (म्हणजे इस्राएली) दास सातव्या वर्षी सुटतो आणि त्याला रिकाम्या हाती पाठवायचे नसते (अनुवाद १५:१२-१४). लेवीय २५:४४-४६ मात्र परक्यांना कायमचे दास ठेवू देते. हे वचन गाळू नका. ते गाळलेत तर गटातला एखादा तरुण ते घरी वाचेल आणि तुमच्या बाकीच्या बोलण्यावरचाही त्याचा विश्वास उडेल.

आफ्रिकेतून पळवून नेलेल्यांच्या बाबतीत हा रकाना निर्णायक आहे. जो मुळात चोरलेला, तो निसटला तर त्याने कोणाची चोरी केली?

पायरी ३: गोष्टी कायद्यापासून वेगळ्या ठेवा

उत्पत्ती १६ मध्ये अब्राहामाच्या बायकोची दासी हागार पळून जाते आणि देवदूत तिला परत जायला सांगतो. तो एका गरोदर स्त्रीला रानात मिळालेला, आश्वासनासह आलेला आदेश आहे, त्यातून सगळ्या गुलामांसाठी नियम काढणे ही नेहमीची चूक. २१व्या अध्यायात त्याच हागारेला त्या घरातून घालवून देतात, तेव्हा देव तिला परत धाडत नाही. १ शमुवेल ३० मधला आजारी मिसरी (इजिप्तचा) दासही जोडा. धन्याने टाकून दिलेला तो तरुण दाविदाकडे शपथ मागतो: मला धन्याच्या हाती देऊ नका.

पायरी ४: फिलेमोन मोठ्याने वाचा

पंचवीसच वचने आहेत, पाच मिनिटे पुरतात. हे प्रेषित पौलाने फिलेमोन या धन्याला लिहिलेले पत्र. त्यात पौल त्याचा दास अनेसिम याला परत पाठवतो, हे खरे. पण तो ‘पळाला’ असा शब्द पत्रात कुठेच नाही. दुरावल्याचा उल्लेख आहे (१५), काही देणे असल्यास ते माझ्या नावे मांड असे आहे (१८), आणि दास म्हणून नव्हे तर प्रिय बंधू म्हणून स्वीकार असे आहे (१६).

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील लिबर्टी काउंटीत पाळक चार्ल्स कोलकॉक जोन्स यांनी याच पत्रावरून गुलामांना ‘पळू नका’ असा उपदेश केला, तेव्हा निम्मे श्रोते उठून गेले. असे पत्र बायबलमध्ये नाहीच, असेही काहींनी सांगितले.

१ करिंथ ७:२१ला जास्त वेळ द्या. स्वतंत्र होता येत असेल तर ‘त्याचाच उपयोग कर’ म्हणताना ग्रीक वाक्यात कशाचा, ते लिहिलेलेच नाही. बहुतेक भाषांतरे ‘स्वातंत्र्याचा’ असे भरतात. पुढे २३व्या वचनात माणसांचे दास होऊ नका असे आहे, म्हणून आम्हालाही तेच पटते.

पायरी ५: आज्ञापालनाची वचने

इफिस ६:५-९, कलस्सै ३:२२-४:१, १ पेत्र २:१८-२०. ही घरात राहणाऱ्या दासांना लिहिलेली आहेत. पेत्राचे वचन सर्वांत जड, कारण त्यात कठोर धन्याचेही ऐकायला सांगितले आहे. त्यातही पळण्याबद्दल शब्द नाही. धर्माच्या नावाखाली दासाला पळायला शिकवणाऱ्याला बहिष्कृत ठरवले ते चौथ्या शतकात गंग्रा (आजच्या तुर्कस्तानात) येथील धर्मसभेने. धर्मसभेचा ठराव आणि शास्त्रवचन एकाच रकान्यात लिहू नका.

१८०७मध्ये वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी लंडनमध्ये छापलेल्या निवडक बायबलमधून इजिप्तमधून सुटकेची गोष्टच गाळली होती, आज्ञापालनाचे वचन मात्र ठेवले होते.

पायरी ६: खऱ्या प्रसंगावर ताडून पाहा

नाशिकच्या शरणपूरला मिशनने गुलामांच्या जहाजांतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना शिकवले. त्यांच्यातलेच विल्यम जोन्स पुढे आजच्या केनियातील मोंबासाजवळच्या राबाई मिशनमध्ये काम करू लागले आणि तिथे पळून आलेल्या गुलामांना आसरा मिळाला. धनी त्यांना परत मागत होते. १८८८मध्ये त्या भागातल्या मिशन-केंद्रांत असे सुमारे १,४०० जण असल्याचे आढळले. ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीच्या जॉर्ज मॅकेन्झींनी धन्यांना भरपाई देण्याची तडजोड केली आणि १ जानेवारी १८८९ रोजी मुक्ततेचे दाखले वाटले गेले.

हा प्रसंग चार रकान्यांत भरा. मग गटाला विचारा: अनुवाद २३ आसरा देणाऱ्याकडून धन्यासाठी भरपाई मागते का? वचन पुन्हा उघडून, बोट ठेवून उत्तर द्यायला सांगा.