मेनिंजिओमाचा एमआरआय रिपोर्ट कसा वाचावा

मेनिंजिओमा म्हणजे मेंदूच्या आवरणातून उगवणारी गाठ. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, निपाणीकडून तिचा रिपोर्ट घेऊन येणाऱ्या बहुतेकांचं एकच म्हणणं असतं: "कॅन्सर नाही म्हणालेत, म्हणजे पसरणार नाही." हे अर्धंच खरं आहे. मेनिंजिओमा सहसा शरीरात दुसरीकडे जात नाही, पण आहे तिथेच हातपाय पसरतो.

आधी गाठीचं माप जुन्या रिपोर्टशी ताडून बघा. नुसता कागद नेऊ नका, सीडी न्या.

मग पसरण्याचे शब्द शोधा. 'हायपरऑस्टोसिस' म्हणजे लगतचं हाड जाड झालंय. बऱ्याचदा गाठीच्या पेशी त्यात शिरलेल्या असतात. 'सॅजिटल सायनस' असेल, तर मोठी शीर दबलीय की बंद झालीय, हे सर्जनना विचाराच. 'ड्युरल टेल' वाचून मात्र हबकू नका. मेंदूच्या आवरणावरच्या त्या शेपटीत गाठीच्या पेशी असतीलच असं नाही. कधी नुसत्या फुगलेल्या रक्तवाहिन्या असतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो रक्तपुरवठ्यात. "गाठ फिल्मवर चमकते म्हणजे रक्त फार" असं कुणीही सांगतं. चूक! ती चमकते कारण मेंदूच्या रक्तवाहिन्यांना असते तशी गाळणी तिथल्या वाहिन्यांना नसते, म्हणून एमआरआयवेळी दिलेलं इंजेक्शनचं औषध गाठीत झिरपतं. मोठ्या रक्तवाहिन्यांची खूण म्हणजे 'फ्लो व्हॉइड', काळे ठिपके किंवा रेषा.

एक-दोन मिलिमीटरपर्यंत गाठीला शेजारून झिरपणारा ऑक्सिजन पुरतो. पुढे ती व्हीईजीएफसारखी प्रथिनं सोडून नव्या वाहिन्या ओढून घेते. मुख्य रक्त बहुधा आवरणाच्या मिडल मेनिंजियल धमनीतून येतं. गाठ वाढली की मेंदूच्या पृष्ठभागावरच्या धमन्याही तिला रक्त देऊ लागतात. व्हीईजीएफमुळे वाहिन्या गळक्याही होतात, म्हणून लहान गाठीभोवतीही मोठी सूज येऊ शकते. रिपोर्टात तिला 'एडेमा' म्हणतात. माप लहान आहे म्हणून गप्प बसू नका.

ऑपरेशन ठरलं तर दोनच प्रश्न धरून बसा: रक्त कुठून येतंय, आणि आधी एम्बोलायझेशन करून, म्हणजे रक्तवाहिनी आतून बुजवून, ते रोखायचं का? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा. त्या किंवा सुजेसाठी दिलेलं स्टिरॉइड स्वतःच्या मनाने बंद करू नका. मिरजेला किंवा कोल्हापूरला जाणार असाल, तर कर्नाटकचं आरोग्य कार्ड तिथे चालतं का, हे फोनवर विचारूनच निघा.

बायोप्सीत 'ब्रेन इनव्हेजन', म्हणजे गाठ मेंदूत शिरलीय असं, आलं तर 2021 च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणानुसार तो ग्रेड 2, म्हणजे परत येण्याचा धोका जास्त. मग रेडिएशन लागणार का हे विचारा आणि पुढच्या एमआरआयच्या तारखा डिस्चार्जआधीच लिहून घ्या.