नावावरची केस कशी उतरवली

2014 ची गोष्ट. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरची फुटबॉल मॅच संपली आणि बाहेर दोन तालमींची पोरं भिडली. माझ्या हातात बांबू नव्हता, पण फिर्यादीत सातवं नाव माझं. भारतीय दंड संहितेची कलमं 143, 147, 323, 324, 504, 506. तारखा पडत राहिल्या. पुढं रिक्षाच्या बॅजसाठी चारित्र्य पडताळणीचा दाखला काढायला गेलो, तर 'गुन्हा दाखल, न्यायप्रविष्ट' असा शेरा. गंमत अशी की ज्याचं डोकं फुटलं होतं तो फिर्यादी तोवर माझा साडू झाला होता. घरात सगळं मिटलं होतं, कागदावर मात्र आम्ही अजून एकमेकांच्या जिवावर उठलेलो.

स्टँडवर लय जण विचारतात, म्हणून लिहितो. मी वकील नाही, फक्त चपला झिजवल्यात.

पहिली गोष्ट, 'रेकॉर्ड पुसून देतो' असा सरसकट कायदा आपल्याकडं नाही. मला एक जण चहाच्या टपरीवर भेटला, वीस हजारांत 'सिस्टिममधनं नाव काढतो' म्हणाला. असल्याच्या नादाला लागू नका. केस कुठल्या टप्प्यावर आहे, त्यावर वाट ठरते. म्हणून आधी एफआयआरची प्रत आणि चार्जशीटची नक्कल काढा. सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक केसचा स्वतंत्र नंबर) मिळाला की ई-कोर्ट्स ॲपवर केसची आजची स्थिती घरबसल्या दिसते.

पोलिसांनी तपास करून सी किंवा बी समरी (केस गैरसमजातून झाली किंवा खोटी आहे, म्हणून बंद करा असा अहवाल) पाठवली असेल, तर कोर्टानं ती मंजूर केल्याच्या आदेशाची नक्कल घ्या. निर्दोष सुटला असाल तर निकालाची. शिक्षा झाली असेल तर अपिलाशिवाय ती सहसा पुसली जात नाही. मात्र प्रोबेशनवर, म्हणजे चांगल्या वागणुकीच्या हमीवर, सोडलं असेल तर 1958 च्या प्रोबेशन कायद्याचं कलम 12 वकिलाला दाखवा, त्या शिक्षेमुळं येणारी अपात्रता त्यानं लागत नाही. आणि गुन्ह्याच्या वेळी वय अठराच्या आत असेल, तर 2015 च्या बालन्याय कायद्याचं कलम 24 आहे. गंभीर प्रकरणांचे अपवाद सोडले तर त्यात रेकॉर्ड खरंच नष्ट करायची तरतूद आहे.

आता माझं. नुसतं 323, 504, 506 (साधी मारहाण, अपमान, धमकी) असतं तर इथल्या कसबा बावड्याच्या न्यायसंकुलातच, म्हणजे जिल्हा कोर्टातच, तडजोड झाली असती, आणि कायद्यानं तिचा परिणाम निर्दोष सुटल्यासारखाच. पण 324, म्हणजे हत्यारानं दुखापत, तडजोडीत बसत नाही. मग उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करून घ्यायचा, वकील त्याला क्वॅशिंग म्हणतात. पूर्वी सीआरपीसीचं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं, कलम 482 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 528. आपसात मिटलंय या कारणावर कोर्ट असा गुन्हा रद्द करू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये ग्यानसिंग प्रकरणात सांगितलंय. खून, बलात्कार, दरोडा यांना मात्र तडजोड चालत नाही.

याच्यासाठी आधी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर मुंबई गाठावी लागायची. 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथंच कोल्हापुरात, सीपीआर दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टात. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गवाल्यांचीही तीच सोय.

आमची चूक सांगतो. साडूचं संमतीचं प्रतिज्ञापत्र जोडलं आणि निवांत बसलो. चार्जशीटमध्ये दुसरा एक जखमी होता, त्याला विसरलो. तो पुण्यात. तारीख वाया गेली. वकीलबाई म्हणाल्या, "दादा, जखमी किती होते ते तुम्ही सांगायचं, का मी?" म्हणून चार्जशीटमधली जखमींची यादी बोटानं वाचा आणि प्रत्येकाची संमती घ्या. ओळखपत्रासह त्यांना हजर राहायला सांगा. साडूला कोर्टानं विचारलं, कुणाचा दबाव आहे का? तो "नाही साहेब" म्हणाला, पण आवाज असा बारीक निघाला की मलाच धडकी भरली. गुन्हा रद्द झाला, वर पंधरा हजार रुपये सामाजिक कामासाठी भरायला लावले. त्याचीही तयारी ठेवा.

इथंच बरेच जण थांबतात. वरचा आदेश आपोआप पोलीस ठाण्यात जाऊन बसतो असं समजू नका. मी महिन्याभरानं परत दाखल्याचा अर्ज केला, तर तोच जुना शेरा. मग आदेशाची खरी नक्कल काढली, अर्ज लिहिला, सोबत गुन्हा क्रमांक आणि सीएनआर दिला, आणि एक-एक प्रत पोलीस ठाण्यात आणि जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयात दिली. खालच्या कोर्टातही दिली, तिथली फाईल उघडीच होती. प्रत्येक ठिकाणी आपल्या प्रतीवर पोच, शिक्का, तारीख घ्यायची. हवालदार "ठेवून जा" म्हणाला, तरी मी शिक्क्यासाठी बाकावर दीड तास बसलो. पुढच्या खेपेला त्याच पोचेवर काम झालं.

फॉर्म भरताना प्रश्न नीट वाचा. 'सध्या खटला चालू आहे का' आणि 'कधी गुन्हा दाखल झाला होता का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसरा विचारला असेल तर 'होय, उच्च न्यायालयानं रद्द केला' असं लिहून आदेश जोडायचा. लपवल्यावर नोकरी जाऊ शकते. 2016 च्या अवतारसिंग निकालात सर्वोच्च न्यायालयानं यावर नियम घालून दिलेत, पण तिथपर्यंत जायची वेळ कशाला आणायची?

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला, अनुसूचित जाती-जमाती, कमी उत्पन्न असलेले, यांना वकील मोफत मिळतो. फोन 15100.

मी आदेशाच्या पाच झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत घालून रिक्षाच्या सीटखाली ठेवल्यात. त्यातल्या तीन संपल्या.