सिरियल किलरच्या कादंबरीत मेलेल्या माणसाला आधी जगवायचं कसं

मागच्या उन्हाळ्यात माझ्या थ्रिलरचा पहिला ड्राफ्ट पूर्ण झाला. शहर नाशिक, खून सात. मी त्याची प्रिंट काढून पंचवटीतल्या मावशीला दिली, कारण रहस्यकथा वाचण्यात आमच्या घराण्यात तिचा हात कोणी धरू शकत नाही, सार्वजनिक वाचनालयाची तिची मेंबरशिप माझ्या जन्माच्याही आधीची आहे. चार दिवसांनी फोन आला. मला वाटलं खुनी कोण ते तिसऱ्याच प्रकरणात ओळखलं असं काहीतरी सांगेल. ती म्हणाली, "अगं ती अंबडच्या कंपनीतली मुलगी, तिचा डबा तसाच राहिला ना गं रॅकवर? घरी कोणी नेऊन दिला का?"

डब्याचा उल्लेख अख्ख्या पुस्तकात एकदाच होता, अर्ध्या वाक्यात, तोही मी लिहिण्याच्या ओघात टाकलेला. बाकीच्या सहा जणांबद्दल तिने काहीच विचारलं नाही, आणि खुन्याच्या बालपणावर मी चाळीस पानं घातली होती त्याबद्दल तर चकार शब्द नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण तिचं बरोबर होतं. त्यानंतर आठ महिने मी तीच कादंबरी परत लिहिली आणि त्यात जे कळलं ते इथे लिहितेय, ज्यांना असं काही लिहायचंय त्यांच्यासाठी.

आधी या प्रकारच्या कादंबरीतली मूळ अडचण समजून घ्या. एका खुनाच्या गोष्टीत एकच माणूस गेलेला असतो, सगळं पुस्तक त्याच्याभोवती फिरतं, त्यामुळे तो आपोआप मोठा होतो. सिरियल किलरच्या गोष्टीत तसं होत नाही. २००५ साली एफबीआयने भरवलेल्या परिषदेत जी व्याख्या ठरली त्यात दोन किंवा जास्त खून, वेगवेगळ्या वेळी, त्याच गुन्हेगाराने किंवा गुन्हेगारांनी केलेले, एवढंच पुरतं. म्हणजे दोन खुनांवरही हे पुस्तक उभं राहू शकतं. पण आपण लिहिणारे आकडा वाढवत नेतो, आपल्याला वाटतं आकडा वाढला की भीती वाढेल, आणि होतं उलटं. तिसऱ्या-चौथ्या खुनापाशी वाचणाऱ्याचं मन दगड होतं, तो फक्त पद्धत बघायला लागतो, यावेळी दोरी होती की सुरा.

म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं सांगणं: जो माणूस मरणारे त्याचा एक असा दिवस लिहून काढा ज्यात काहीच घडत नाही. खुनाचा दिवस नको, त्याच्या दहा-बारा दिवस आधीचा घ्या. हा दिवस पुस्तकात आलाच पाहिजे असं नाही, माझे बरेच वहीतच राहिले, पण लिहायचा मात्र पूर्ण, सकाळी दूध तापवण्यापासून रात्री मोबाईल चार्जिंगला लावेपर्यंत. त्यातून एक यादी निघते, आणि ती यादीच खरी कामाची. त्या माणसाचं काय काय अर्धवट राहिलंय? भिशीचा नंबर पुढच्या महिन्यात लागणार होता. टेलरकडे ब्लाऊज शिवायला टाकलाय. वाण्याकडे साडेतीनशेची उधारी आहे. भावाशी बोलणं बंद आहे आणि राखीला बोलायचं असं तिने मनात ठरवलेलं आहे, पण हे त्याला माहीत नाही.

आता खून होऊन गेल्यावर या गोष्टी एकेक करून घरी यायला लागतात. दहा दिवसांनी टेलरचा फोन येतो, ताई ब्लाऊज तयार आहे, कधी नेताय. भिशीवाल्या बायका पाकीट घेऊन दारात उभ्या राहतात, त्यांना कळत नाही चप्पल काढून आत जावं की तिथूनच द्यावं. घरच्यांचं दुःख यातून दिसतं. सुरुवातीला मीही "तिच्या आईचं जग उद्ध्वस्त झालं" वगैरे लिहिलं होतं, ती सगळी वाक्यं मी नंतर काढली.

पोलीस घरी निरोप घेऊन येतात तो प्रसंग जवळजवळ प्रत्येक पुस्तकात असतो आणि जवळजवळ प्रत्येक वेळी तो सारखाच असतो. माझा पहिला ड्राफ्ट असा होता:

"आईच्या डोळ्यांसमोर अंधारी आली. तिच्या काळजाचे तुकडे झाले. किंकाळी फोडून ती जमिनीवर कोसळली."

आणि आता तो असा आहे:

"हवालदाराने मुलीचं नाव घेतलं तशी आई म्हणाली, आत या ना साहेब, उन्हाचं दारात कशाला. तिने पंखा लावला. दोन ग्लास पाणी आणलं, एक त्याच्या हातात दिला, दुसरा स्वतःच धरून बसली. म्हणाली, साडेसहाच्या बसने येते ती, तुम्ही बसा तोवर."

आपल्याकडची माणसं अशा वेळी भाषण करत नाहीत हो. बातमी डोक्यात शिरेपर्यंत हात आपलं रोजचं काम करत राहतात, पाहुण्याला पाणी द्यायचं म्हणजे द्यायचं. तुमच्या घरात कोणी गेलं असेल तेव्हाचं आठवून बघा, कोण काय बोललं त्यापेक्षा कोण काय करत होतं ते आठवेल. ते लिहा. रडणं नंतर येऊ दे, तेही वेगळ्याच फालतू गोष्टीवरून, गॅस संपला म्हणून.

आता खुन्याकडे येऊ. इथे लोक सगळ्यात जास्त घसरतात, मीही घसरले. आपण त्याला एक वाईट बालपण देतो, मारणारा बाप, सोडून गेलेली आई, आणि समजतो की झाली खोली. पण असं बालपण लाखो लोकांचं असतं आणि ते कोणाला मारत नाहीत. कारण सांगून झालं म्हणजे माणूस उभा राहिला असं होत नाही.

खऱ्या केसेस वाचा, पण त्यातलं रक्त बघण्यासाठी नको, बारीक गोष्टी बघण्यासाठी वाचा. रामन राघव १९६८ साली मुंबईत पकडला गेला, फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या गरिबांना त्याने मारलं होतं, तपास पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णींकडे होता. सुरुवातीला तो काही बोलेना. मग त्याने कोंबडी खायला मागितली, ती मिळाली, मग डोक्याला तेल, कंगवा आणि आरसा मागितला, आणि नीट भांग पाडून झाल्यावर बोलायला लागला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा तो आरसाच डोक्यात राहिला. त्याच्या आजाराबद्दल डॉक्टरांनी पानंच्या पानं लिहिली असतील, पण कादंबरीकाराला लागतो तो आरसा.

त्याच्या उलट पुण्यातलं जोशी-अभ्यंकर प्रकरण. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ मध्ये दहा खून, करणारी आर्ट कॉलेजची पोरं, चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात फाशी झाली. त्या काळात पुण्यात अंधार पडला की लोक बाहेर पडेनात. ती पोरं कोणी भुताखेतासारखी नव्हती, कॉलेजच्या कट्ट्यावर बसणारी होती, आणि दारावरची बेल वाजवून घरात शिरली होती. या दोन केसेस शेजारी ठेवल्या की एक गोष्ट कळते. रामन राघव मानसिक आजारी होता म्हणून त्याच्या फाशीची पुढे जन्मठेप झाली, पण ती पोरं आजारी नव्हती. त्यामुळे "वेडा होता" हे उत्तर म्हणून वापरू नका. तुमच्या वाचकाच्या घरात कोणीतरी त्याच आजाराच्या गोळ्या घेत असतं, रोज कामावर जात असतं, आणि तुम्ही त्या माणसाला खुन्याच्या रांगेत बसवता. मला हे फार लागतं, म्हणून स्पष्ट सांगते.

मग खुन्याला उभं कसं करायचं? त्याचाही साधा दिवस लिहा. माझा खुनी सातपूरला एका वर्कशॉपमध्ये फिटर आहे, मंगळवारी आईला बीपीच्या तपासणीला नेतो, रांगेत तिच्यासाठी जागा धरतो, तिला पायऱ्या चढताना धाप लागते म्हणून मध्ये थांबतो. आणि हे प्रेम खरं आहे. ते त्याचं नाटक आहे असं पुढे कुठेही उघड करू नका, तो मोह आवरा. त्याचं आईवरचं प्रेम खरं आणि त्याने केलेलं तेही खरं, आणि एकाने दुसरं कमी होत नाही, हे एकाच प्रकरणात शेजारी शेजारी ठेवलं की वाचणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो. त्याला अतिहुशारही करू नका. पोलिसांना कविता पाठवणारा, बुद्धिबळ खेळणारा खुनी वाचून वाचून आता कोणाला काही वाटत नाही.

आणि त्याच्या घरातलं एक माणूस निवडा ज्याला थोडंसं माहितीये. माझ्याकडे ती त्याची बायको आहे. तो सांगून गेलाय मुंबईला कामाला चाललो, आणि परत आला तर बुटाला काळी चिकट माती, निफाडकडच्या द्राक्षबागांतली असते तशी. तिचं माहेर तिकडचंच, तिला ती माती हातात न घेता ओळखता येते. ती बूट धुते आणि विचारत नाही. हे न विचारणं मी साडेतीन पानं लिहिलं, त्यात फक्त ती मोरीत बसून बूट घासतेय, मुलाची फी भरायचीये, सासूच्या गोळ्या संपल्यात, आणि पाणी काळं होऊन वाहतंय. मला विचाराल तर पुस्तकातलं सगळ्यात भीतीचं प्रकरण तेच झालं, आणि त्यात एकही प्रेत नाही.

गावाचा उपयोग भावनेसाठी करा, नुसती नावं पेरण्यासाठी नको. कॉलेज रोड, रविवार कारंजा, मिसळ असं लिहिलं की नाशिक होत नाही. तिथली एखादी रीत घ्या जी तुमच्या गोष्टीला आडवी जाते. रामकुंडावर रोज दशक्रिया चालू असतात, पिंड ठेवून लोक कावळ्याची वाट बघत उभे असतात, आणि कावळा शिवेना की कोणीतरी पुढे होऊन हात जोडून सांगतं, तुझ्या पोरांचं मी बघीन, काळजी करू नको. आता विचार करा, ज्या घरातली मुलगी बेपत्ता आहे, बॉडीच सापडलेली नाही, त्यांनी काय करायचं? दहावा घालता येत नाही आणि वाटही बघवत नाही. कायद्याने सात वर्षं काही खबर नसेल तर माणूस मेला असं धरता येतं, आणि शास्त्रात पुतळा करून विधी करायची सोय आहे, पण पुतळा करायला बसायचं म्हणजे ती येणार नाही हे आधी कबूल करायचं. माझ्या पुस्तकात बाप तयार होतो आणि आई तयार होत नाही, दोघं त्यावरून सहा महिने बोलत नाहीत. हे भांडण मला खुन्याने दिलं नाही, रामकुंडाने दिलं.

तसंच हवामानाचं. डिसेंबर-जानेवारीत निफाडला पारा फार खाली जातो तेव्हा द्राक्ष वाचवायला शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. पहाटे तीन वाजता बागेत जाळ दिसला तर कोणी थांबून विचारत नाही, उलट दिसला नाही तर विचारतील. यातून काय करता येईल ते तुम्हाला कळलंच असेल. पण भावनेसाठी मी ते दुसरीकडे वापरलं, ज्या शेतकऱ्याने तो जाळ बघितला आणि शेजाऱ्याची शेकोटी समजून झोपला, त्याचं पुढे काय होतं? त्याला कोणी दोष देत नाही, तोच स्वतःला देतो, आणि पुढच्या थंडीत बाग गेली तरी चालेल पण शेकोटी पेटवत नाही.

पोलिसांबद्दल थोडक्यात. दारू पिणारा, बायको सोडून गेलेला, एकटा राहणारा इन्स्पेक्टर परदेशी पुस्तकांतून आणू नका. आपल्याकडच्या पीएसआयला बारावीतली मुलगी असते, बंदोबस्त असतो, आता सिंहस्थाची तयारी चालू म्हणजे सुट्टी मिळत नाही, आणि शहर आयुक्तालयाची हद्द कुठे संपते आणि ग्रामीण कुठे सुरू होते यावरून दोन पोलीस स्टेशनांत फोनाफोनी चाललेली असते. १ जुलै २०२४ पासून खुनाचं कलम भारतीय न्याय संहितेत १०३ झालं, पण जुना हवालदार बोलताना अजून तीनशे दोनच म्हणतो. अशा एका शब्दात माणसाची तीस वर्षांची नोकरी दिसते. आणि त्याच्यावर खुनांचा परिणाम दाखवायचा तर बाटली नको, तो मुलीच्या क्लासच्या बाहेर अर्धा तास आधी जाऊन उभा राहायला लागतो आणि मुलगी चिडते, एवढं दाखवा.

खुनाचा प्रसंग स्वतः छोटा ठेवा. मी तर म्हणते दाराशी थांबा. विशेषतः बाईचं प्रेत चवीने वर्णन करणारी पानं असतात ना, ती मला वाचवत नाहीत आणि लिहवतही नाहीत, त्यातून मेलेली बाई परत एकदा वस्तू होते. खुनापेक्षा दोन खुनांच्या मधल्या काळाला जागा द्या. पहिले आठ दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो फिरतात, आया बसस्टॉपवर उभ्या राहतात, क्लासवाले वेळ बदलतात. मग महिनाभराने बस स्टॉपवर चारच आया उरतात, मग एकच. शहर विसरतं आणि एक घर विसरत नाही, हे अंतर जितकं दाखवाल तितका पुढचा खून वाचकाला लागेल, कारण तोही तोपर्यंत थोडा विसरलेला असतो आणि त्याला ते जाणवतं.

सातातले तीन खून मी शेवटी काढून टाकले. त्या तिघांचा साधा दिवस मला लिहिताच आला नाही, म्हणजे ती माणसं मी फक्त मारायला आणली होती. उरलेल्या चौघांत अंबडची मुलगी आहे आणि डब्याचं आता पूर्ण प्रकरण आहे. लाइनवरची तिची मैत्रीण पाच दिवसांनी तो सिडकोतल्या घरी नेऊन देते, धुवून नेते, आणि आई झाकण उघडून विचारते, तू का धुतलास गं, काय उरलं होतं ते तरी कळलं असतं, तिला कारल्याची भाजी आवडत नव्हती, मी तीच दिली होती त्या दिवशी.

तुमचा ड्राफ्ट झाला की लेखन करणाऱ्या मित्राला देऊ नका, तो रचना बघेल. मावशीसारख्या कोणाला तरी द्या. वाचून झाल्यावर लगेच विचारू नका, चार दिवस जाऊ द्या, आणि मग एकच प्रश्न विचारा, कोण कोण गेलं ते सांग. नावं नाही आठवली तरी चालतील, "ती डबेवाली", "ते कुत्र्याला बिस्किट घालणारे काका" असं आलं तर तो माणूस पुस्तकात आहे. "ती दुसरी", "तो पुलाखाली सापडलेला" असं आलं तर वही उघडा आणि त्याचा आणखी एक साधा दिवस लिहा.